पदाक्रमण करण्यात आले

‘द एरिया वॉज ट्रॅव्हर्स्ड ऑन फूट.’

विनोदिनीची आणि या वाक्याची पहिली गाठ पडली ती पान एकशे बारावर. तारा पाळण्यात होती, पाळण्याची दोरी विनोदिनीच्या पायाच्या अंगठ्याला होती, आणि मांडीवर तीनशे बारा पानांचा अहवाल होता. वाक्य वाचून तिला आधी आदरच वाटला. अख्खा परिसर पायी चालून पाहिला म्हणायचा! आपल्याला घरातून मागच्या पोफळींच्या बागेत, कुळागरात, चार खेपा घालताना कंबर धरते, आणि ही शहरातली माणसे डोंगरचे डोंगर पायाखाली घालून गेली. मग तेच वाक्य एकशे अठरावर भेटले. एकशे सव्वीसवर भेटले. झाडांची मोजणी, पक्ष्यांची नोंद, ओढ्यांची पाहणी, देवळांची यादी. जिथे म्हणून कोणी विचारले असते की हे तुम्हाला कसे कळले, तिथे हे वाक्य कचेरीच्या दारातल्या शिपायासारखे आडवे उभे होते. आत जायचे नाही. साहेब चालून आलेत.

लग्नाआधी विनोदिनी पेडण्यात एका खाजगी शाळेत दोन वर्षे इंग्रजी शिकवायची. माहेर इब्रामपूरचे. पोरांना ती सांगायची, ‘वाक्यात आधी माणूस शोधा.’ या वाक्यात माणूसच नव्हता. परिसर चालला गेला होता. कोण चालला, कधी चालला, त्याला तहान लागली का, काटा मोडला का, काही पत्ता नाही.

अहवालासोबत मराठीत सोळा पानांचा सारांशही होता, गावच्या अडाण्यांसाठी. त्यात याच वाक्याचे भाषांतर होते: ‘सदर क्षेत्राचे पदाक्रमण करण्यात आले.’ विनोदिनीला हसू आवरेना. वामनाने निदान तीन पावले तरी टाकली होती.

अहवाल तिच्याकडे आला त्याचीही गंमतच. त्या वर्षांत चीनला गोव्यातल्या लोखंडाच्या तांबड्या मातीची अशी भूक लागली होती की डिचोली तालुक्यातला कुठलाही डोंगर सकाळी जागच्या जागी दिसला तर लोकांना नवल वाटे. शिरगावच्या पलीकडे फणसवाडा, फणसवाड्याच्या डोक्यावर डोंगर, आणि डोंगराच्या मागच्या अंगाला खाण. ती आता पुढच्या अंगाला यायची होती. त्याआधी लोकांना विचारायचे असा सरकारी नियम, म्हणून सुनावणी. सुनावणीआधी लोकांनी वाचायचे असा दुसरा नियम, म्हणून खाण कंपनीने सल्लागारांकडून लिहून घेतलेला हा अहवाल. तो पंचायतीत ठेवलेला होता. वाचायला कोणी मागेल अशी पंचायतीची अपेक्षा नव्हती. विनोदिनीने मागितला तेव्हा शंभू पंचाने तो पंख्याच्या वाऱ्याने उडणाऱ्या कागदांवरून उचलून दिला.

"वाच, वहिनी. पण लवकर आणून दी. कागद उडतत."

सुनावणीला बारा दिवस होते. ताराच्या झोपा दिवसाला दोन, एक पाऊण तासाची आणि एक तिच्या मर्जीची. चौथ्या दिवशी विनोदिनी पान एकशे सत्तेचाळीसवर पोचली, आणि अंगठ्यातली दोरी थांबली.

तिथे लिहिले होते की डोंगराच्या पुढच्या अंगाचे पायी सर्वेक्षण फेब्रुवारीच्या चौदा तारखेला झाले. तिथे बारमाही पाण्याचा कोणताही स्रोत नाही. आणि या गोष्टीला स्थानिक ज्येष्ठ रहिवासी श्री. बाबली गावस, वय अडुसष्ट, यांनी दुजोरा दिला आहे.

बाबली गावस म्हणजे तिचे सासरे. आणि बारमाही पाण्याचा जो स्रोत नव्हता तो या क्षणी मागच्या कुळागरात पोफळींच्या मुळांतून खळखळत होता. तिला बसल्या जागी ऐकू येत होता.

चौदा फेब्रुवारी तिला आठवत होता. दुपारी बाराच्या सुमाराला कंपनीच्या जीपमधून एक तरुण उतरला होता. अनंत नाव, सांगलीकडचा. डोक्यावर रुंद टोपी, गळ्यात ते उपग्रहाचे यंत्र, पायात घोट्याच्या वरपर्यंत नाड्यांचे बूट. घामाने न्हालेला. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्याला अंगणातच धरला.

"बसा, साहेब. खंयचे तुमी? जेवलास?"

त्याने फायलीतून विचारले होते, "आजोबा, वर डोंगरात झरा-बिरा आहे का? बारमाही?"

"वर काय नाय ओ. खडप आसा आणि चार काजी. कित्याक पाय भाजून घेतास? आधी शहाळा पिवा."

अनंतने शहाळे प्यायले. मग पाव आणि पातळ भाजी खाल्ली, मग केळी, मग सोलकढी. मग ओसरीवरच्या बाकावर टोपी तोंडावर घेऊन अर्धा तास त्याने क्षेत्राचे पदाक्रमण केले. उठल्यावर मामांनी त्याच्या जीपमध्ये वेलची केळ्यांचा अर्धा घड ठेवला. यंत्र सारा वेळ बाकाच्या कडेला हिरवा दिवा लुकलुकवत बसले होते. त्यालाही बरे वाटले असावे.

---

मामा कुळागरातून आले ते खांद्यावर कुदळ आणि ढोपरापर्यंत चिखल घेऊन. विनोदिनीने त्यांना पाणी दिले आणि सरळ विचारले.

"मामा, तेका झरीचा काय सांगलास तुमी?"

"कोणाक?"

"त्या टोपयेवाल्या साहेबाक."

"काय सांगतलंय? वर काय नाय म्हटलंय."

"कित्याक पण?"

मामांना प्रश्नच कळेना. "कित्याक म्हणजे? बिचारो दमान इल्लो. वर गेल्यार चिऱ्याकडे तेका ते बूट काढूक सांगूचे पडतले. अर्धो तास लागात नाडये सोडूक. दारात इल्ल्या पावण्याक वहाणो काढ म्हणून सांगूचा?"

झरीच्या अलीकडे शंभर पावलांवर एक उभा चिरा आहे. तिथून पुढे राखणदाराची, म्हणजे डोंगर राखणाऱ्या देवाची, जागा. चपला तिथेच राहतात, मग तो वाड्यातला असो की कोणी मोठा माणूस. मामांच्या हिशेबी गोष्ट सोपी होती. पाहुण्याला वहाणा काढायला सांगणे हा पाहुण्याचा अपमान, न सांगणे हा राखणदाराचा. झर नाहीच म्हटले की दोघांचाही मान राहतो. इतका सभ्य खोटेपणा साऱ्या तीनशे बारा पानांत दुसरा नव्हता.

विनोदिनीने पान वाचून दाखवले, मराठीत करून. मामांनी कान दिला.

"माझा नाव छापलानी?"

"व्हय."

"श्री लावन?"

"लावन."

आतून देवकीबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हाक दिली, "फ्रेम करा आता! देवांच्या फोटोच्या वांगडा लावया."

मामा हसले. हसता हसता थांबले. कुदळ त्यांनी भिंतीला लावली, ती घसरली, परत लावली.

"झर नाय म्हणून लिवलानी?"

"तुमी सांगलास म्हणून."

"मगे हे लोक थय खणतले?"

"तसाच म्हणतत."

पाटातल्या पाण्याचा आवाज येत होता. मामांनी त्या बाजूला मान वळवली नाही. विनोदिनीला वाटले, चिखल आधी धुवायला सांगावा. मग वाटले, नको.

---

संध्याकाळी विनोदिनीचा नवरा, जयराम, आला. खाणीवर माती वाहणारा स्वतःचा टिपर चालवायचा. डोक्यापासून चपलेपर्यंत तांबडा. ताराने त्याच्याकडे झेप घेतली आणि तीही तांबडी झाली. सगळे ऐकून तो म्हणाला, "बाबान सांगलेला आसा तसा रवान दी. खाण थांबली तर टिपराचा काय करू? कोंबड्यांका घर?"

"आणि झर आटली तर कुळागराचा काय करशी?"

"ता आटतला तेव्हा बगूया."

"तेव्हा बगूक काय उरतला?"

जयरामने ताराच्या गालावरची तांबडी माती बोटाने पुसली. वाईट माणूस नव्हता. त्याच्या ताटातला भात खाणीचा होता आणि नारळ कुळागराचा, आणि दोन्ही एकाच घासात जात होते. अशा माणसाला पटकन बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून विनोदिनीने सभ्य मार्ग धरले. मामांना चार लोकांत उभे करावे लागू नये म्हणून तिने स्वतःच्या नावाने इंग्रजीत हरकत लिहिली, ताराला कडेवर घेतले आणि तालुक्याच्या कचेरीत गेली. कारकुनाने कागद वाचला, अहवाल उघडला आणि पान एकशे सत्तेचाळीसवर बोट ठेवले.

"हे तुमचेच सासरे ना?"

"हो."

"मग घरात बोलून घ्या की आधी. रहिवाशानं दिलेलं विधान रहिवाशानंच मागं घ्यायचं. सुनावणीत, तोंडानं. तुमची हरकत ठेवतो मी. पण इथे सर्वेक्षण झालंय, पायी, आणि दुजोरा आहे. तुम्ही काय, घरात बसून लिहिलंय."

कडेवर दहा किलोचे मूल घेऊन दोन बस बदलून आलेल्या बाईला त्याने हे सांगितले, खुर्चीवरून.

मग ती धाकूकाकांकडे गेली. राखणदाराला वर्षाचा नारळ आणि रोट ठेवणारे ते. म्हणाली, तुम्ही तरी झरीबद्दल दोन ओळी सही करून द्या.

"ती जागा कागदार घालूची न्हय, बाये."

"तुमी न्हय घातलास तर कंपनी नकाशार घालता, काका. खड्डो म्हणून."

धाकूकाकांनी पान लावले, चुना पुसला. "बाबलीक विचार. तोंड तेणा उघडला."

म्हणजे फिरून फिरून सगळे मामांवरच आले. आणि मामांनी तिसऱ्या दिवशी, तिने न विचारताच, नाही म्हटले.

"माझ्या घरचा खाल्लेल्या माणसाक मी चार लोकांत खोटो पाडू? तेका नोकरीवरसून काडतले. तेची आवस खय ती सांगलीत वाट बघता. तेणाच सांगल्यान माका, जेवताना."

"मामा, तेणा जी केळी खाल्ल्यान ती खंयच्या पाण्याची?"

मामा सुपारी शोधू लागले.

"शहाळा खंयच्या माडाचा? तो बसान आमचीच झर पिवन गेलो. आणि मगे लिवल्यान, झर नाय."

"तेणा नाय. मीच सांगलंय." मामांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले. "मीच खोटो, बाये. अडुसष्ट वर्सांत कोणी म्हणूक नाय माका तसा. आता माईकार जावन मीच म्हणू?"

ती त्यांच्याशी जास्त बोलली नाही. सुनावणीपर्यंत ती रोज दुपारी ओसरीवर बसून अहवाल मोठ्याने वाचायची, मराठीत करत, जणू ताराला गोष्ट सांगते आहे. ‘पक्ष्यांसाठी क्षेत्राचे पदाक्रमण करण्यात आले. कावळे आढळले.’ तारा टाळ्या वाजवायची. मामा सुपारी सोलत ऐकायचे. एकदा त्यांनी विचारले, "मोर?" विनोदिनीने पाने उलटली. "नाय गावलो तेंका." मामांनी सुपारी ठेवली आणि डोंगराकडे बघत राहिले. वर मोर ओरडत होता.

---

सुनावणी हायस्कूलच्या मैदानावर. मांडव, पंखे, पाण्याच्या बाटल्या. कंपनीने चार बसगाड्या भरून माणसे आणली होती, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या पिवळ्या टोप्या. ती माणसे कुठल्या वाड्यावरची ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हते, पण प्रकल्पाला त्यांचा पाठिंबा होता आणि जेवण कधी आहे हे ती अधूनमधून विचारत होती. जयराम त्यांच्यातच बसला होता. टोपी त्याने मांडीवर ठेवली होती.

पडद्यावर डोंगराचे फोटो आले. सुंदर होते, सगळे हमरस्त्यावरून काढलेले. सल्लागार कंपनीचा मोठा साहेब बोलला. त्याच्या बोलण्यात ते वाक्य चार वेळा आले, आणि दर वेळी तो हात असा पसरायचा की बघणाऱ्याच्याच पायाला गोळे यावेत. अनंत बाजूला लॅपटॉपपाशी बसला होता. तेच बूट.

व्यासपीठावरच्या अधिकारी मॅडमनी विचारले, "कोणाला काही म्हणायचंय?"

पिवळ्या टोप्यांतून पाच जण बोलले. पाचही जणांना रोजगार हवा होता, एकाच वाक्यात. मग विनोदिनी उठली. ताराला देवकीबाईंकडे द्यायचा तिचा विचार होता, पण ताराने साडीचा काठ सोडला नाही, तेव्हा तिला कडेवर घेऊनच माईकपर्यंत गेली.

"मॅडम, मला एका वाक्याचा अर्थ विचारायचाय. ‘ट्रॅव्हर्स्ड ऑन फूट’ म्हणजे काय?"

मोठा साहेब उदारपणे हसला. "पायी चालून पाहणी केली, ताई."

"कोणी?"

"आमच्या टीमनं."

"फणसवाड्याच्या डोंगरावर कोण चाललं?"

साहेबाने अनंतकडे पाहिले. अनंत उभा राहिला. "मी. चौदा फेब्रुवारीला."

"कुठल्या वाटेनं चढलात?"

"अं... मुख्य वाटेनं."

मांडवात कोणीतरी खोकले. फणसवाड्यातून वर वाटा तीन. त्यातली मुख्य कुठली यावर गावात अजून भांडण आहे.

"वर जाताना वाटेत तुम्हाला काय करायला लागलं?"

अनंतने मोठ्या साहेबाकडे पाहिले. "काय म्हणजे? चढावं लागलं."

आता वाड्यातले लोक उघड हसले. वर जाऊन आलेले पाच वर्षांचे पोरही सांगते, चपला काढायला लागल्या. अनंतचे कान लाल झाले, आणि माणूस कोपऱ्यात सापडला की जे करतो ते त्याने केले. फाईल उचलली.

"मॅडम, हे सगळं कशाला? यांच्या घरच्यांनीच सांगितलंय. श्री. बाबली गावस. आहेत का इथे? विचारा त्यांनाच. वर पाणी आहे का?"

मांडव मागे वळला. मामा शेवटून दुसऱ्या रांगेत होते, पांढरा सदरा घालून, हात गुडघ्यांवर. विनोदिनीने त्यांच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर विनवणी झाली असती. तिने ताराचे झबले सारखे केले, जे सारखेच होते.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मामांना माईकपर्यंत यायला वेळ लागला. लोकांनी पाय आवरून वाट दिली. माईक त्यांच्या तोंडाच्या वर होता, तो कोणी खाली केला नाही, म्हणून ते मान वर करून बोलले.

"मी बाबली गावस. पान एकशे सत्तेचाळीस."

मॅडमनी पान उघडले.

"मी खोटा सांगलंय."

मॅडमनी पेन खाली ठेवले.

"काय खोटं सांगितलं, आजोबा?"

"वर काय नाय म्हणून. वर झर आसा. बारा म्हयने. माझ्या पणज्यान पाट काडलो."

"मग तसं का सांगितलंत?"

मामांनी अनंतकडे पाहिले. "साहेब भुकेलो होतो."

पिवळ्या टोप्यासुद्धा हसल्या. मामा हसले नाहीत.

"तेंची चूक नाय, मॅडम. ते चढूक तयार होते. मीच तेंका बसयलंय. बूट काडूचे पडतले म्हणून मीच..." त्यांनी माईकच्या दांड्याला हात घातला. "मीच खोटो. तुमी तेंका काय करू नकात. झर लिवा मात्र."

अनंत चढायला तयार होता हे मामांचे या प्रकरणातले दुसरे खोटे. ते कोणी लिहून घेतले नाही.

मोठा साहेब उठून म्हणाला की वृद्धांवर दबाव दिसतो. देवकीबाई जागेवरूनच ओरडल्या, "दबाव? ह्या माणसाक चाळीस वर्सां मी दबाव घालतंय, एक दिस चिखलाचे पाय धुवन घरात येवक नाय!" मॅडमनी तोंडापुढे कागद धरला. कागद खाली आला तेव्हा त्यांनी निर्णय सांगितला: आठ दिवसांत संयुक्त पाहणी. मग, थोडे थांबून, "पायी."

---

पाहणीला कचेरीतले एक साहाय्यक आले, कंपनीकडून अनंत आला. मे महिना, सकाळचे दहा, आणि खडप तव्यासारखा. पुढे धाकूकाका, मग मामा, मग ताराला घेऊन विनोदिनी.

चिऱ्यापाशी धाकूकाका थांबले. "वहाणो."

साहाय्यक साहेबांनी बूट काढले. "मोजे चालतील ना?"

"सॉक्शांचा देवान माका कधी सांगूक नाय. काडा."

साहेबांनी पहिले पाऊल टाकले आणि सरकारी नोकरीत न शोभणारा शब्द काढला.

"शिरगावच्या जत्रेक देवीचे भगत, धोंड, अनवाणी निखाऱ्यार चलतत," धाकूकाका म्हणाले. "हो नुसतो दगड."

अनंत खाली बसून नाड्या सोडत होता. वेळ लागला, मामांनी म्हटले होते तेवढाच. त्याचे पाय बाहेर आले ते पांढरेफटक, उन्हाला न दाखवलेले, बोटांना बुटाचे वळ. विनोदिनीला अवचित त्याची दया आली. ताराचे पाय पहिल्यांदा अंगणात टेकवले तेव्हा ते असेच दिसले होते, मातीला काय करायचे ते ठाऊक नसलेले. तो टाचा उचलत, सावल्या शोधत शंभर पावले चालला.

झर मोठी नव्हती. दोन खडपांच्या बेचक्यातून येणारे मनगटाएवढे पाणी, खाली शेवाळलेला खळगा, खळग्यात एक खेकडा, आणि तिथून पुढे मामांच्या पणज्याचा पाट. अनंतने पाय पाण्यात ठेवले आणि डोळे मिटले. मग विनोदिनीने आणलेली कळशी त्याने धारेखाली धरली, घड्याळ लावले. अठरा सेकंद. त्याने पाणी ओतले आणि पुन्हा भरली. पुन्हा अठरा.

"मे महिन्यात?" तो स्वतःशीच म्हणाला.

साहाय्यक साहेब कपाळ पुसत म्हणाले, "झालं ना? खाली जाऊ या. चहा-बिहा..."

"च्या मगे," मामा म्हणाले. "आधी लिवा."

चाळीस वर्षांत मामांनी कोणाचा चहा पुढे ढकलल्याचे कोणी ऐकले नव्हते. धाकूकाकांनी वळून पाहिले.

अनंत खडपावर बसून लिहू लागला. मधेच थांबला, हळू आवाजात म्हणाला, "आजोबा, तुमच्याबद्दल मी लिहितो की गैरसमज झाला होता. म्हणजे तुम्हाला त्रास नको."

"गैरसमज खंय? खोटा सांगलंय. तसाच लिवा."

"बरं दिसत नाही ते."

"माका बरा दिसूचा नाय. झर दिसूक होयी."

अनंतने तसेच लिहिले. पेन थोडा वेळ कागदाच्या वर राहिले. विनोदिनी बघत होती. पुढची ओळ काय असायला हवी ते तिला ठाऊक होते, आणि त्यालाही. चौदा फेब्रुवारीला मी चढलो नव्हतो, एवढीच. छोटी ओळ. त्याने वर पाहिले, तिच्याकडे नाही, ताराकडे. मग पेनाला टोपण लावले.

मामांनी सही करण्याआधी कागद विनोदिनीकडे दिला. तिने वाचून दाखवला, शब्दन्शब्द. ‘खोटे’ या शब्दापाशी तिने मामांकडे पाहिले. मामांनी मान हलवली, पुढे वाच. मग सही केली, खाली तारीखही घातली.

---

अंतिम अहवाल डिसेंबरात आला. शंभू पंचाने या वेळी तो घरी आणून दिला, आणि पानाला दुमडही घालून.

डोंगराचे पुढचे अंग खाणीच्या क्षेत्रातून वगळले होते. जयरामला सुनावणीचा राग धरून कंत्राटदाराने जूनपासूनच फणसवाड्याचे लोडिंग बंद केले होते. आता तो पंचवीस किलोमीटर दूरच्या खाणीवर टिपर न्यायचा, पहाटे निघायचा आणि बायकोला वकीलसाहेब म्हणायचा. रागाने सुरुवात झाली होती. आता नुसतीच सवय होती.

विनोदिनी अहवाल घेऊन कुळागरात गेली. पावसाळा सरला होता, पाणी द्यायचे दिवस सुरू झाले होते. मामा पाटाच्या तोंडाशी उभे होते.

"वाच," ते म्हणाले.

तिने वाचले. ‘क्षेत्राचे पुन्हा पायी सर्वेक्षण करण्यात आले. त्यात आमच्या चमूला एका बारमाही झऱ्याचा नव्याने शोध लागला.’

"कोणाक लागलो?"

"तेंच्या चमूक."

"नव्यान?"

"नव्यान. अनंतरावांका."

मामांच्या पणज्याने पाट काढला होता, त्याला शंभरावर वर्षे झाली असतील. ती पुढे वाचत राहिली. ‘यापूर्वी स्थानिक रहिवासी श्री. बाबली गावस यांनी खोटी माहिती दिल्यामुळे ही नोंद राहून गेली होती, असे त्यांनी मान्य केले आहे.’

तिने ती ओळ मनात पुन्हा एकदा वाचली. तीनशे पानांत न चाललेली माणसे चालली होती, न पाहिलेले पाहिले होते, आणि खोटा म्हणून एकाच माणसाचे नाव छापले होते. ते त्याने स्वतः सांगून.

"मामा, मी पत्र लिवतंय. आजच. ह्या चलूचा नाय. फेब्रुवारीत तो खंय न्हिजलेलो तेसुद्धा लिवतंय."

"लिव गो," मामा म्हणाले. "पण झर लिवल्यानी मां?"

"लिवल्यानी."

"नकाशार?"

तिने नकाशा उघडून दाखवला. निळा ठिपका, त्याभोवती एक गोल. मामांनी ओल्या बोटाने तो गोल एकदा दाबून पाहिला. मग सदऱ्याला हात पुसला, कुदळ उचलली आणि पाटाच्या तोंडाची माती कापून पाणी पोफळींकडे सोडले.